एरंडोलला उतरणे

आमच्या घरात एक खास वाक्प्रचार आहे. मराठी व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात तो तुम्हाला सापडणार नाही. 'एरंडोलला उतरणे'. अर्थ : जिथे पोहोचायचं त्याच्या अलीकडेच, स्वतःच्या वेंधळेपणामुळे थांबणे. वाक्यात उपयोग : 'एम-थ्रीच्या पेपरात चिरंजीव अडतीस मार्कांवर एरंडोलला उतरले.' (हे वाक्य पप्पांचं आहे. उदाहरण खरं आहे.)

ज्यांचा खान्देशशी संबंध फक्त अ‍ॅडमिशनपुरता आला त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. धुळ्याहून जळगावला निघालं की फागणे, मुकटी, मग पारोळा, मग एरंडोल, पाळधी, बांभोरीजवळ गिरणेचा पूल आणि मग जळगाव. आमचं गाव मुकटीच्या जवळ. तिथून जळगाव साधारण सत्तर किलोमीटर, आणि एरंडोल त्या वाटेवर निम्म्याच्या थोडं पुढे. म्हणजे जळगावला जायला निघालेला माणूस शुद्धीवर असेल तर एरंडोलला उतरण्याचं काही कारण नाही.

पण आमची आजी उतरली. २०१९ची भाऊबीज. पिंप्राळ्याला तिचा धाकटा भाऊ राहतो, आम्ही त्यांना आबा म्हणतो. सगळं आयुष्य त्यांनी जळगावच्या दालमिलमध्ये पोती उचलण्यात काढलं. आजी सकाळी अकराच्या गाडीत बसली ती संध्याकाळी पाचला भावाच्या दारात पोहोचली, तीसुद्धा पुतण्याच्या मोटारसायकलवर, मांडीवर करंज्यांचा डबा धरून. तोपर्यंत आबा उपाशी. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "डोळा लागी गया, जळगाव ऊनं समजीसन एरंडोललेच उतरी गऊ." झालं! त्या दिवसापासून घरात, भावकीत, गल्लीत हा किस्सा सुरू झाला. फर्स्ट इयरला सीनियर्सनी इंट्रो घेताना 'काहीतरी विनोदी सांग' म्हटलं, तर मी हाच किस्सा सांगितला होता. लोक खूप हसले होते. मला एका दिवसात अख्खा विंग ओळखायला लागला.

हा किस्सा खोटा होता हे मला थर्ड इयरच्या सहाव्या सेमिस्टरमध्ये कळलं. तेही मिनी प्रोजेक्टमुळे.

आमच्या ग्रुपने विषय घेतला होता 'स्मार्ट मेस कार्ड'. मेसमध्ये सध्या वही असते. वहीत सही करायची आणि ताट घ्यायचं. वरण-बट्टी किंवा भरीत-पुरीच्या दिवशी त्या वहीत काय काय प्रकार होतात हे मी इथे लिहिणार नाही, कारण हे मासिक रेक्टर सरही वाचतात. तर आमची कल्पना अशी की प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, काउंटरवर टेकवायचं, टुक वाजलं की ताट मिळणार. त्यासाठी एक छोटा रीडर मागवला, आरसी-५२२ नावाचा. आपल्याकडे दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तो असतोच, त्यामुळे जास्त सांगत नाही. रूममध्ये आर्डुइनोला जोडला आणि ज्याच्याकडे जे कार्ड असेल ते टेकवून बघायला सुरुवात केली. पुणेकराचं पुणे मेट्रोचं कार्ड : टुक. लायब्ररीचं कार्ड : टुक. चोपडेकराच्या काकांच्या कंपनीचं गेटपास : टुक.

मग मी बॅगेतून आजीचं कार्ड काढलं. एसटीचं ज्येष्ठ नागरिकाचं स्मार्ट कार्ड. संक्रांतीला घरी गेलो होतो तेव्हा टेस्टिंगला म्हणून तिच्या पत्र्याच्या पेटीतून घेऊन आलो होतो. कोपऱ्यात भोक, भोकातून लाल दोरा.

टेकवलं. काही नाही. उलटं करून टेकवलं. काही नाही. चोपडेकराने शर्टाला पुसलं, फुंकर मारली (इंजिनिअरिंगच्या सहा सेमिस्टरनंतरही आपला फुंकरीवरचा विश्वास गेलेला नाही), पुन्हा टेकवलं. तरी नाही.

आता या कार्डाची जन्मकथा सांगायला हवी.

१ जून हा एसटीचा वाढदिवस. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. एकाहत्तर वर्षांनी, २०१९च्या जूनमध्ये, एसटीने स्मार्ट कार्डाची योजना आणली. कल्पना सोपी होती. सर्वसाधारण प्रवाशाने कार्डात पैसे भरून ठेवायचे, कंडक्टरच्या मशीनला कार्ड लावलं की भाडं वळतं होणार. सुट्ट्या पैशांची कटकट नाही. आणि सवलतीवाल्यांसाठी ओळखपत्र आणि सवलत दोन्ही एकाच कार्डात. एसटीत सवलती किती प्रकारच्या आहेत याची आपल्याला कल्पना नसते. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, अधिस्वीकृती असलेले पत्रकार... यादी लांब आहे. या सवलतीचे पैसे सरकार नंतर महामंडळाला देतं. त्यामुळे सवलत नेमकी किती जणांना, किती किलोमीटरची दिली, याचा हिशोब लागतो. ज्येष्ठांना तर वर्षाला चार हजार किलोमीटरपर्यंतच अर्धं तिकीट अशी मर्यादाही तेव्हा आली होती. कंडक्टर बिचारा प्रत्येक आजीचे किलोमीटर कुठून लक्षात ठेवणार? ते काम कार्डाने करायचं होतं.

मी तेव्हा नुकताच दहावीत गेलो होतो आणि घरातला 'टेक्निकल' माणूस होतो. म्हणजे टीव्हीचं रिचार्ज मी करायचो. आजीला धुळ्याच्या स्टँडवर घेऊन गेलो. आधार कार्ड दिलं, मोबाईल नंबर पप्पांचा दिला, फोटो काढला. फोटोत आजी अशी बघते आहे की समोर फोटोग्राफर नसून तलाठी उभा आहे. काही दिवसांनी कार्ड हातात आलं. आजीला चार हजार किलोमीटरचा नियम समजावून सांगितला. तिने हिशोब केला : पिंप्राळ्याच्या जाऊन-येऊन अठ्ठावीस खेपा होतात. म्हणाली, एवढ्यांदा गेले तर आबाच म्हणेल, आता पुरे!

आणि मग मी माझ्या आयुष्यातलं पहिलं 'हार्डवेअर मॉडिफिकेशन' केलं. कार्ड हरवू नये म्हणून ते गळ्यात अडकवता यायला हवं होतं. आजोबांच्या वेळचा पोती शिवायचा दाभण घरात होता. तो गॅसवर लाल होईपर्यंत तापवला, कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात खुपसला, सुंदर गोल भोक पडलं. त्यातून लाल दोरा ओवला. आजीने ते गळ्यात घालून गल्लीभर दाखवलं. मी तिला अगदी ऐटीत सांगितलं, "आजी, आता आधार कार्ड घेऊन फिरायची गरज नाही. हे एक असलं की बस्स." तिचं आधार कार्ड काढून मी मम्मीच्या कपाटात ठेवलं, सुरक्षित.

हे सगळं मला आठवत होतं. पण रूममध्ये त्या रात्री कार्ड वाचलं जाईना तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. प्रकाश पडला तो मोबाईलच्या टॉर्चचा. पुणेकर म्हणाला, लाइट बंद करा. टॉर्चवर कार्ड धरलं की आतलं सगळं दिसतं. खरंच दिसतं, तुम्हीही करून बघा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोटात एक बारीकसा काळा ठिपका, ती चिप. आणि कार्डाच्या चारी कडांनी फिरणारे तांब्याचे बारीक वेढे, शेतातल्या पाटासारखे.

हे वेढे म्हणजे कार्डाचा जीव. कार्डात बॅटरी नसते. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, कार्ड जवळ आलं की वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं, त्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. सेकंड इयरला म्युच्युअल इंडक्टन्स शिकलो तेच हे. रीडर म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आणि कार्ड म्हणजे सेकंडरी. आता सेकंडरीची वायर मध्येच तोडली तर? ओपन सर्किट. व्हायव्हात दोन मार्कांचा प्रश्न.

टॉर्चच्या उजेडात वरच्या कोपऱ्यात माझं भोक चमकत होतं. वेढे कडेने येत होते, भोकापाशी संपत होते आणि पलीकडून परत सुरू होत होते. सगळेच्या सगळे. एकही वाचला नव्हता.

चोपडेकर हसत म्हणाला, "भो, तू तर दहावीतच कार्ड मारलं." सगळे हसले, मीही हसलो. रात्री झोपताना मात्र एकदम ध्यानात आलं. कार्ड आलं दिवाळीच्या आधी. भोक त्याच दिवशी. भाऊबीज त्यानंतर. म्हणजे भाऊबिजेला जे कार्ड आजीच्या गळ्यात होतं ते मेलेलं होतं. आणि त्याच दिवशी आजी एरंडोलला उतरली.

दुसऱ्या दिवशी फोन केला. इकडचं तिकडचं बोललो, शेवटी विचारलंच. "आजी, खरं सांग, त्या भाऊबिजेला तुझा डोळा लागला होता?"

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

मग तिने सांगितलं ते असं. कंडक्टरने कार्ड मशीनला लावलं, नाही झालं. पुसून लावलं, नाही झालं. गाडीत ही गर्दी, दिवाळीचे दिवस. तो म्हणाला, आजी आधार कार्ड दाखवा, त्यावर देतो अर्धं. आधार कार्ड मम्मीच्या कपाटात, सुरक्षित! मतदान कार्डही घरीच. आता वयाचा पुरावा काही नाही. आजीच्या चेहऱ्यावर सत्तर वर्षांच्या सुरकुत्या होत्या, पण सुरकुत्या हा काही पुरावा नव्हे. पुढे तपासणीला कोणी चढलं तर कंडक्टरची नोकरी. त्यामुळे त्याचीही काही चूक नव्हती. पूर्ण तिकीट नव्वदच्या घरात होतं. आजीच्या बटव्यात साठ रुपये. अर्ध्या तिकिटाचा हिशोब करूनच ती निघाली होती. येताना काय, ओवाळणी मिळणारच होती!

कंडक्टर म्हणाला, बसा आजी, वरचे मी भरतो. शेजारच्या बाईनेही पैसे काढले. आजीने दोघांनाही नाही म्हटलं. का? तर, "भाऊबीजना दिन, उधार तिकीटवर भाऊकडे जाऊ का मी?" साठ रुपयांत कुठपर्यंत बसतं ते विचारलं आणि एरंडोलचं तिकीट घेतलं. एरंडोलच्या स्टँडवर उतरून बसून राहिली. मम्मीने पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करने काकांचा नंबर लिहून ठेवला होता. चहावाल्याच्या फोनवरून तो दोनदा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा तीन वाजत आले होते.

"मग घरी येऊन खरं का नाही सांगितलं?"

"इतली हौसमा तू भोक पाडं, दोरा ववा. मंग तुले कसं सांगू?"

म्हणजे तिला माहीत होतं! मशीन वाचत नाही आणि कार्डात नवीन काय झालं आहे तर हे भोक, एवढं तिला त्याच दिवशी कळलं होतं. ज्या गोष्टीसाठी आम्हाला आरसी-५२२, आर्डुइनो आणि चार इंजिनिअर लागले. पुढे कार्ड कुठे आहे म्हणून मी विचारायचो तर म्हणायची, हरवेल म्हणून पेटीत ठेवलं आहे. आणि सहा वर्षं ती आमच्या घरचा विनोद होऊन राहिली. पाहुणे आले की 'आजी, एरंडोलला उतरायची गोष्ट सांग' म्हटलं की सांगायचीसुद्धा. डोळा कसा लागला, जाग कशी आली, सगळं रंगवून.

यानंतर माझं मिनी प्रोजेक्टमधलं लक्ष थोडं उडालं आणि या कार्डाचं पुढे काय झालं ते मी शोधायला लागलो. पुढे फार काही झालं नाही. कार्ड काढायला सुरुवातीला मुदत दिली, ती वाढवली, मग कोरोना आला, पुन्हा वाढवली. २०२१च्या दिवाळीपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत संप होता, गाड्याच बंद. मग तिकिटाची मशीनं बदलली, नवी अँड्रॉइडवाली आली, आणि स्मार्ट कार्ड मागे पडलं. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या पेटीत अशी कार्डं असतील, बिनभोकाची.

पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ओळख म्हणून आधार कार्ड पुरतं. मार्च २०२३मध्ये सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याला तर कार्डच नको, अर्ज नको, मोबाईल नंबर नको, ओटीपी नको. बाई गाडीत चढली, कंडक्टरने बघितलं, बटण दाबलं, अर्धं तिकीट बाहेर. एका रात्रीत अख्ख्या महाराष्ट्रात सुरू झालं आणि चालतंय. २०१९ला जे काम चिपकडून करून घ्यायचं होतं, त्यातलं बरंचसं चार वर्षांनी नियम सोपा केल्यावर आपोआप झालं. सवलत किती लोकांना द्यावी, सरकारला ती झेपते का, यावर वाद होऊ शकतो, होतोही. मी फक्त सिस्टिम डिझाइनबद्दल बोलतोय. आम्ही क्लासमध्ये पहिला प्रश्न विचारतो की सेन्सर कोणता वापरायचा. कंडक्टरचे डोळे हा सेन्सर असतो हे कुठल्याच डेटाशीटमध्ये नाही.

पप्पा सांगतात, त्यांच्या कॉलेजच्या काळात कंडक्टरकडे तिकिटांचा ट्रे असायचा, वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या आणि हातात पंच. गर्दीतून टक टक करत यायचा. तिकिटावर गावाचं नाव नसायचंच, भोक कुठे पडलं त्यावर सगळं. मग २०१०च्या आसपास मशीनं आली आणि तो टक टक आवाज गेला. (म्हणजे तिकिटाला भोक पाडणं ही एसटीची जुनीच परंपरा आहे. मी फक्त चुकीच्या काळात, चुकीच्या वस्तूला पाडलं.)

आता तुम्ही म्हणाल, जगात सगळीकडे कार्डं चालतात की! चालतात. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७पासून चालतंय. लंडनचं ऑयस्टर २००३ला आलं, आणि २०१४च्या जुलैत तर लंडनच्या बसने रोख पैसे घेणंच बंद केलं. पण त्यात एक मेख आहे. लंडनच्या बसचं भाडं एकच असतं, कुठूनही चढा, कुठेही उतरा. दारात एकदा कार्ड टेकवलं की विषय संपला. आपल्या एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. फागण्याहून पारोळा वेगळं, मुकटीहून पाळधी वेगळं. म्हणजे कार्ड असलं तरी कुणीतरी 'कुठे जायचंय?' हे विचारायलाच हवं. ते विचारणारा कंडक्टर गाडीत आहेच. मग कार्ड म्हणजे फक्त प्लॅस्टिकचं पाकीट राहतं. आणि पाकिटाचं काम आता मोबाईल करतोय. नव्या मशीनवर क्यूआर कोड दिसतो, स्कॅन केलं की झालं. जानेवारी २०२५मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, सुट्ट्यांची ओढाताण पुन्हा सुरू झाली, तेव्हा मला या क्यूआर कोडचा फार आधार वाटला. पण एरंडोलच्या स्टँडवर दुसऱ्याच्या फोनवरून फोन लावणाऱ्या बाईला तो क्यूआर कोड काय कामाचा, हाही विचार आताशा मनात येतो. पूर्वी आला नसता.

आमच्या प्रोजेक्टमध्ये त्यामुळे एक बदल झाला. कार्ड वाचलं गेलं नाही तर काय, याचं उत्तर आधी आमच्या फ्लोचार्टमध्ये एका चौकटीत होतं : 'एन्ट्री नाकारा.' मी ती चौकट खोडली. आता तिथे लिहिलंय की मेसच्या मावशींनी ओळखलं तर बटण दाबून ताट द्यायचं, आणि त्याची नोंद करायची. रिव्ह्यूला सरांनी विचारलं, मग याचा गैरवापर होणार नाही का? होईल. भरीत-पुरीच्या दिवशी नक्की होईल. पण कुणी उपाशी राहणार नाही. सर हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क किती पडले ते विचारू नका.

अरे हो, आजीच्या वयाचा प्रकार राहिलाच. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे ०१/०१/१९५०. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो. हॅपी न्यू इयर आणि हॅपी बर्थडे एकदमच! आजीच्या म्हणण्याप्रमाणे स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी ती पाळण्यात होती. म्हणजे तिचा प्रवास २०२२लाच मोफत व्हायला हवा होता. पण आधारने तिला २०२५पर्यंत थांबवलं. तक्रार केली का म्हणून विचाराल तर नाही. उलट खूश होती. "सरकारनी माले तीन वरीस तरणी ठेवं!"

आता तिला शून्याचं तिकीट मिळतं. प्रवास मोफत असला तरी कंडक्टर तिकीट देतोच, कारण पुढे सरकारकडून पैसे घ्यायचे तर हिशोब लागतो. त्यावर रक्कम शून्य छापलेली असते. आजीने पहिलं शून्याचं तिकीट जपून पेटीत ठेवलं होतं, त्याच कार्डाच्या शेजारी. थर्मल पेपर तो! अक्षरं उडून गेली. मागच्या सुट्टीत बघितलं तर कोरा कागद. तिला सांगितलं की त्या कागदाचं असंच असतं, तर म्हणाली, आधीही शून्यच होतं ना.

कार्डाचंही सांगून टाकतो. सबमिशन झाल्यावर आम्ही ते दुरुस्त करायला घेतलं. गरज काहीच नव्हती. पुणेकराने ब्लेडने भोकाच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक अगदी हलक्या हाताने खरवडलं. वेढ्यांची टोकं उघडी पडली. कुठलं टोक कुठल्या टोकाला हे टॉर्चवर बघून कागदावर काढलं. मग जुन्या हेडफोनमधली केसासारखी बारीक वायर घेऊन एकेक वेढा भोकाला वळसा घालून जोडला. पहिल्या रात्री सोल्डरिंग गनने प्लॅस्टिकच वितळलं. दुसऱ्या रात्री दोन वेढे एकमेकांना चिकटले. तिसऱ्या रात्री, पावणेदोनच्या सुमारास, टेकवलं आणि टुक वाजलं. स्क्रीनवर एक नंबर आला. बस्स, एवढंच. आत काय लिहिलंय, किती किलोमीटर शिल्लक होते, ते कुलपाआड आहे. चोपडेकर म्हणाला, नेटवर शोधू, अशी जुनी कुलपं उघडता येतात. मी नको म्हणालो. आजीचा बटवा उघडल्यासारखं वाटलं.

सकाळी फोन केला. "आजी, कार्ड चालू झालं!"

"मंग काय फायदा? माले आते तिकीटच लागत नही."

"तसं नाही गं. आतल्या तारा तुटल्या होत्या, त्या जोडल्या. आता फक्त भोक बुजवायचं बाकी आहे."

"भोक नको बुजू," आजी म्हणाली. "दोरा त्यामाच शे."